आठवा भिडू

(१९९६च्या दहावीच्या तुकडीच्या स्नेहमेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



संयोजकांनी फोन केला तेव्हा मला विषय दिला होता, 'कृत्रिम बुद्धिमत्ता आणि आपल्या मुलांचं भवितव्य'. मी हो म्हटलं खरं, पण दोन महिने एक ओळ सुचली नाही. तेवीस वर्षं सॉफ्टवेअरमध्ये काढली म्हणून मुलांच्या भवितव्याबद्दल मला तुमच्याहून जास्त कळतं असं मुळीच नाही. या बाबतीत माझी काय फजिती झाली ते पुढे सांगणारच आहे. शेवटी मी कळवलं की मी पत्त्यांवर बोलते. पलीकडून जरा वेळ आवाजच आला नाही. मग हळूच प्रश्न आला, "पत्ते म्हणजे रमी का गं?"

रमी नाही. बाई, तुम्ही निर्धास्त असा.

आपल्याला पत्ते नवीन नाहीत. मे महिन्यात दुपारी उन्हाला बाहेर सोडत नसत, तेव्हा मेंढीकोट, झब्बू, बदाम सात, पाच-तीन-दोन यांवर आपण वाढलो. माझी आई मेंढीकोटात फार तरबेज. कोण काय टाकतंय एवढंच बघून ती सांगायची, "चौकटची दश्शी मावशीकडे आहे." तोंडाकडे बघायचीच नाही, फक्त टाकलेल्या पानांकडे. मला ते जादूसारखं वाटायचं. ती जादू नव्हती हे मला चाळिशीत, सिएटलजवळच्या एका दुकानात प्लास्टिकच्या खुर्चीवर बसून हरताना कळलं.

खेळाचं नाव 'मॅजिक: द गॅदरिंग'. रिचर्ड गारफील्ड या गणितज्ञाने तो तयार केला आणि १९९३च्या ऑगस्टमध्ये तो बाजारात आला. 'विझर्ड्स ऑफ द कोस्ट' ही तेव्हाची अगदी छोटी कंपनी. तिच्या पीटर ॲडकिसनना असा खेळ हवा होता, की जो संमेलनांत दोन मोठ्या खेळांच्या मधल्या वेळात चटकन काढून खेळता येईल. पहिल्या छपाईत २९५ वेगवेगळी पानं होती, आज पंचवीस हजारांहून जास्त आहेत. ही कंपनी आमच्याच बाजूला, रेंटन नावाच्या गावात आहे. म्हणजे आम्ही या खेळाच्या माहेरीच राहतो म्हणा ना.

खेळाचा गाभा सोपा आहे. दोघं जण समोरासमोर बसतात, प्रत्येकाचे वीस गुण, समोरच्याचे शून्यावर आणायचे. काही पानं 'जमिनी' असतात: मैदान, बेट, दलदल, डोंगर, जंगल. दर पाळीला एक जमीन मांडायची. जमिनीतून शक्ती मिळते आणि त्या शक्तीच्या जोरावर बाकीची पानं खेळायची. कुठे राक्षस, कुठे वीज, कुठे शाप. पाच जमिनींचे पाच रंग: पांढरा, निळा, काळा, लाल, हिरवा. जमीन म्हणजे सरपण आणि बाकीची पानं म्हणजे स्वयंपाक, असं मी माझ्या आईला फोनवर समजावलं होतं. तिने लगेच विचारलं, "आणि सरपणच आलं नाही तर?" तिला खेळ दोन मिनिटांत कळला होता.

ही पानं बंद पाकिटांत विकतात. आत काय निघेल ते माहीत नाही. दुर्मीळ पान बाहेर बऱ्याच किमतीला जातं, म्हणून मुलं पाकिटामागून पाकीट फोडतात. ते मला आजही आवडत नाही. माझा नवरा त्याला सरळ जुगार म्हणतो आणि मी त्याच्याशी वाद घालत नाही. घरून स्वतःचा डेक बांधून आणायचा अशा प्रकारात ज्याचा खिसा मोठा त्याला सोपं जातं, हेही खरं. पण याच खेळाचा एक प्रकार असा आहे की ज्यात घरून काहीच आणायचं नसतं. त्याला ड्राफ्ट म्हणतात. मी बोलणार आहे ती फक्त ड्राफ्टबद्दल.

आठ जण एका टेबलाभोवती बसतात. प्रत्येकाला तीन बंद पाकिटं. पहिलं पाकीट सगळ्यांनी एकदम फोडायचं. मी खेळायला लागले तेव्हा एका पाकिटात पंधरा पानं असत, २०२४पासून चौदा येतात. त्यातलं एक पान आपल्यासाठी काढायचं आणि उरलेली पानं पालथी डावीकडच्याला द्यायची. उजवीकडच्याने आपल्याला त्याची उरलेली दिलेली असतात, त्यातलं एक काढायचं, बाकीची पुढे. असं पानं संपेपर्यंत. दुसरं पाकीट उलट्या दिशेने फिरतं, तिसरं पुन्हा डावीकडे. हे चालू असताना बोलायचं नाही. पंधरांच्या पाकिटांत शेवटी प्रत्येकाजवळ पंचेचाळीस पानं जमत. त्यातून तेवीस निवडायची, त्यात सतरा साध्या जमिनी घालायच्या (त्या दुकानदार हव्या तेवढ्या देतो) आणि चाळीस पानांचा डेक घेऊन खेळायला बसायचं. तीन फेऱ्या. दहा वर्षांची मुलगी असो की मोठ्या कंपनीचा मालक, प्रत्येकाला तीनच पाकिटं. आपल्या गणवेशासारखं.

खो-खोचा संघ पाडताना दोन कॅप्टन आळीपाळीने नावं घ्यायच्या, आठवतंय का? तोही ड्राफ्टच. माझं नाव नेहमी शेवटून दुसरं यायचं. ज्या कॅप्टन होत्या त्या आज समोर बसल्या आहेत, त्यांनी माना खाली घालू नयेत, त्यांचा निर्णय योग्यच होता.

आता मी त्या टेबलावर पोचले कशी ते सांगते. २०१९ची गोष्ट. माझा मुलगा तेव्हा बारा वर्षांचा, सातवीत. शाळेतून आला की खोलीत. काय झालं, कसं होतं, जेवलास का, सगळ्याला "फाइन" हे एकच उत्तर. दर शुक्रवारी संध्याकाळी मात्र तो स्वतःहून बूट घालून दारात उभा राहायचा, कारण अमेरिकेतल्या अशा दुकानांत 'फ्रायडे नाइट मॅजिक' असतं. मी त्याला सोडायची आणि तीन-चार तास बाहेर गाडीतच लॅपटॉप मांडीवर घेऊन काम करायची. घरी जाऊन परत यायला पाऊण तास गेला असता, तो वाचला, असा माझा हिशोब. ऑक्टोबरमध्ये एका शुक्रवारी तो धावत बाहेर आला आणि काचेवर टकटक केलं. "आई, आम्ही सातच आहोत. आठवं कुणीतरी पाहिजे. तू फक्त बस. हरलीस तरी चालेल."

पंधरा डॉलर भरले आणि बसले.

'थ्रोन ऑफ एल्ड्रेन' नावाचा संच नुकताच आला होता. परीकथा आणि राजा आर्थर यांची सरमिसळ, त्यात जिंजरब्रेडचा माणूससुद्धा एक पान आहे. मुलाने पाच मिनिटांत नियम सांगितले आणि चिठ्ठीने तो नेमका माझ्या डाव्या हाताला आला. म्हणजे पहिल्या पाकिटातलं मी जे सोडणार ते त्याच्या हातात जाणार.

मी पहिलं पाकीट फोडलं तर त्यात एक अतिदुर्मीळ पांढरं पान, 'रेल्म-क्लोक्ड जायंट'. सात जमिनी लागणारा राक्षस. शिवाय त्याच पानावर दुसरा पर्याय, पाच जमिनींत राक्षस सोडून टेबलावरचे सगळे प्राणी नष्ट. शेजारच्याने माझ्या तोंडाकडे बघूनच ओळखलं असेल. मी ठरवून टाकलं, आपला रंग पांढरा. पुढे उजवीकडून एकामागून एक पाकिटं आली आणि त्यांत पांढरं जवळजवळ काहीच नव्हतं. हिरवं मात्र खूप होतं. 'फिअर्स विचस्टॉकर' म्हणून एक साधं हिरवं पान आहे. चार जमिनींत चार ताकदीचा प्राणी, त्याला समोरच्याला एकाहून जास्त प्राण्यांनी अडवता येत नाही. ते मला पाचव्या निवडीला दिसलं आणि सातव्या निवडीला पुन्हा दिसलं. दोन्ही वेळा मी ते पुढे ढकललं. माझा रंग पांढरा होता ना.

तिन्ही फेऱ्या हरले. एक तर दहा वर्षांच्या मुलीशी, ती जिंकल्यावर मला "सॉरी" म्हणाली. माझा राक्षस पूर्ण संध्याकाळीत एकदा हातात आला. तेव्हा माझ्यापुढे पाच जमिनी होत्या, पण पांढरी एकच. तो शेवटपर्यंत हातातच राहिला.

गाडीत मुलगा इतका बोलला की मी दोनदा वळण चुकले. "आई, तू मला सगळं हिरवं दिलंस! मला सातव्या पानालाच कळलं, आई हिरवं घेत नाहीये. म्हणून मी हिरवा झालो." मी म्हटलं, मला इतकं चांगलं पान मिळालं होतं, ते कसं सोडणार? तो म्हणाला, "ते एक पान आहे. तुला तेवीस पाहिजेत. आणि तुझ्या उजवीकडचा माणूस पांढरं सगळं काढून घेत होता. तो सांगत होता तुला. तू बघितलंच नाहीस."

सांगत होता. तोंडातून एक शब्द न काढता, फक्त जे येत नव्हतं त्यातून. माझी आई दश्शी ओळखायची ती अशीच.

मी इंजिनिअर आहे, त्यामुळे या अपमानावर उपाय म्हणून मी तक्ता केला. प्रत्येक नव्या संचातल्या प्रत्येक पानाला तज्ज्ञ पाचपैकी गुण देतात, ते सगळे भरले. हल्ली तर 'सेव्हन्टीन लँड्स' नावाचं संकेतस्थळच आहे. नाव त्या सतरा जमिनींवरूनच. संगणकावर खेळलेल्या असंख्य डावांवरून कुठलं पान हातात आलं तर जिंकण्याचं प्रमाण किती, हे ते सांगतं. माझ्यासारख्याला हे म्हणजे दहावीचं गाइड. मी तक्ता पाठ केला आणि पुढच्या दोन शुक्रवारी पुन्हा हरले.

यात गोम अशी आहे की ते गुण सरासरी असतात. पान चांगलं की वाईट हे सांगतात, या टेबलावर, आज, ते माझ्यापर्यंत किती येणार हे सांगत नाहीत. साडेतीन गुणांचा लाल रंग आठांपैकी चार जण ओढत असतील तर चौघांच्याही ताटात अर्धीच भाकरी. अडीच गुणांचा निळा कुणालाच नको असेल तर जो एकटा तिकडे जाईल त्याला अख्खा निळा मोकळा. एक बारीक युक्तीही सांगते. पंधरा पानांचं पाकीट आठ जणांत फिरतं, म्हणजे आपण फोडलेलं पाकीट नवव्या निवडीला सात पानं घेऊन पुन्हा आपल्याकडे येतं. पहिल्यांदा बघितलेली पंधरा लक्षात असतील तर मधल्या सात जणांनी काय उचललं आणि काय हातही न लावता सोडलं, हे सगळं समोर मांडलेलं असतं. मला हे नववं पान ड्राफ्टमधलं सगळ्यात आवडतं. तिथे निवडायला काही चांगलं नसतं, वाचायला खूप असतं.

आता थोडा हिशोब. सर पहिल्या रांगेत आहेत, चुकले तर उभं करतील. चाळीस पानांतून सात पानांचे हात १,८६,४३,५६० निघतात. सतरा जमिनी धरल्या तर जवळजवळ ऐंशी टक्के हातांत दोन, तीन किंवा चार जमिनी असतात, म्हणजे डाव सुरू तरी होतो. दहांतून साधारण एका हातात एक जमीन असते किंवा तीही नसते. तसलाच एक हात उलट्या बाजूचा, पाच-सहा जमिनी आणि शिजवायला काहीच नाही. म्हणजे सगळं बरोबर करूनही पाचांतला एक हात वाईट येणार. तो परत पिसून नवी सात पानं घेता येतात, पण त्यातलं एक पान डेकच्या तळाशी घालावं लागतं. हा दंड भरायला नवे खेळाडू कचरतात. मीही कचरायची. एकच जमीन हातात धरून "पुढच्या पाळीला येईल" म्हणत बसायची आणि ती यायची नाही.

डेक बांधतानाची दुसरी चूक म्हणजे सगळी मोठी पानं भरणं. पाच-सहा जमिनींचे राक्षस बघायला छान वाटतात, पण ते उतरेपर्यंत समोरच्याने आपल्याला निम्मं संपवलेलं असतं. तेवीस पानांत दोन जमिनींत खेळता येणारी पाच-सहा तरी लागतात. ती दिसायला अगदीच सामान्य असतात. कुणी त्यांच्या गोष्टी सांगत नाही. आणि तेविसावं पान नेहमी लिंबूटिंबू असतं. बावीस बरी जमतात, तेविसाव्याला रात्री दहा वाजता पाच पानं मांडून आपण खल करत बसतो. माझा मुलगा म्हणतो, तेविसाव्या पानावर दोन मिनिटांहून जास्त घालवू नये. मी दहा घालवते. खो-खोची आठवण असेल.

जानेवारी २०२०मध्ये मी पहिल्यांदा तीनपैकी तीन फेऱ्या जिंकले. तो डेक मी विसरणार नाही. याच एल्ड्रेन संचात 'मरफोक सीक्रेटकीपर' नावाचं निळं पान आहे, अगदी साधं. प्राण्याची ताकद शून्य, कुणाला मारतच नाही, नुसता अडवतो. शिवाय एका निळ्या जमिनीवर खेळाडूच्या डेकमधली वरची चार पानं बाद करता येतात. माझ्या तक्त्यात त्याला कमी गुण होते आणि आमच्या टेबलावर ते कुणीच घेत नव्हतं. तिसऱ्यांदा ते पान शेवटी-शेवटी फिरून आलं तेव्हा मी तक्ता डोक्यातून काढला. शेवटी माझ्याकडे तशी पाच झाली.

यातली मेख अशी की खेळात पान ओढायची वेळ आली आणि डेकमध्ये पानच नसलं तर तुम्ही हरता, मग गुण वीसच्या वीस का असेनात. चाळीसातली सात सुरुवातीलाच हातात जातात, उरली तेहतीस. पाच वेळा चार म्हणजे वीस पानं मी बाद करणार, उरली तेरा, ती तो स्वतःच एकेक करून संपवणार. मला फक्त तेवढा वेळ जिवंत राहायचं होतं. शेवटच्या फेरीत समोर एक दाढीवाले, हातभर गोंदवलेले गृहस्थ होते, फार सज्जन माणूस. त्यांच्याकडे ड्रॅगन होता. मी दोन गुणांवर होते. त्यांनी पान ओढायला हात पुढे केला आणि खाली रिकामं टेबल. ते इतक्या जोरात हसले की दुकानदार येऊन बघून गेला. मुलगा माझ्या मागे येऊन उभा होता हे मला तोपर्यंत माहीतच नव्हतं. त्याने माझ्या खांद्यावर हात ठेवला. बारा वर्षांच्या मुलाने दुकानात सगळ्यांसमोर आईच्या खांद्यावर हात ठेवणं म्हणजे काय, हे इथल्या आयांना मी सांगायला नको.

मग मार्चमध्ये सगळंच बंद झालं, दुकानही. आम्ही सहा पाकिटं मागवली आणि घरी 'विन्स्टन ड्राफ्ट' खेळायला लागलो. दोघांसाठीचा हा प्रकारही गारफील्ड यांचाच. सगळी नव्वद पानं एकत्र पिसायची. बाजूला एकेका पालथ्या पानाच्या तीन ढिगाऱ्या. आपल्या पाळीला पहिली ढिगारी बघायची. हवी तर उचलायची, नको तर तिच्यावर डेकमधलं आणखी एक पान न बघता ठेवायचं आणि दुसरीकडे जायचं. तिन्ही सोडल्या तर वरचं एक पान डोळे झाकून घ्यायचं. म्हणजे मी सोडलेली ढिगारी वाढत जाते आणि शेवटी त्याच्या मोहात भर पडते. तीच नव्वद पानं आम्ही वर्षभर पिसत होतो. कोपरे पार मऊ झाले.

एक गोष्ट मला तेव्हा समजली. मुलांना समोर बसवून विचारलं तर ती बोलत नाहीत, हातात पिसायला काहीतरी दिलं तर बोलतात. एप्रिलमध्ये एका रात्री ढिगारी बघता बघता, वर मान न करता तो म्हणाला की सातवीत आल्यापासून शाळेत तो डबा एकटाच खायचा. जिन्याखाली. जे दोन मित्र होते ते दुसऱ्या घोळक्यात गेले होते. "फ्रायडे नसता ना आई, तर मी वीकमध्ये कुणाशीच बोललो नसतो." आणि मग म्हणाला, "युअर टर्न."

मी कुठली ढिगारी उचलली ते मला आठवत नाही. मी सहा महिने त्या दुकानाबाहेर गाडीत बसून त्याच्याच काळजीने त्याच्या शाळेच्या पोर्टलवर गुण बघत होते. गुण उत्तम होते.

हे ऐकून तुम्हाला वाटेल की त्यानंतर मी शहाणी झाले. नाही झाले. ड्राफ्टवाल्यांच्या भाषेत 'फोर्स करणं' असा शब्द आहे. काहीही येवो, आपण आधीच ठरवलेला रंग घेत राहायचं. टेबलावर मी ते करायचं सोडलं होतं. घरी नाही. त्याचा जन्म झाला तेव्हापासून माझ्या मनात एक पान पहिलं होतं: कॉम्प्युटर सायन्स. गणित चांगलं, डोकं चांगलं, आई-बाप दोघंही त्यातलेच. नववीपासून तो रोबोटिक्सच्या क्लबबद्दल बोलायचा बंद झाला. उन्हाळ्यात कॅस्केड्सच्या डोंगरात जंगलातल्या पायवाटा दुरुस्त करणाऱ्यांबरोबर जायला लागला. दारात चिखलाचे बूट, गाडीत फावडं, खोलीत झाडांच्या सालींचे फोटो. मी ते सगळं बघत होते आणि "छंद चांगला आहे" म्हणत होते. सातव्या निवडीला दुसरा विचस्टॉकर आला होता आणि मी तो पुढे ढकलत होते.

२०२४च्या ऑक्टोबरमध्ये कॉलेजचे अर्ज भरताना त्याने वनशास्त्र लिहिलं. मी जे बोलले ते इथे सांगण्यासारखं नाही. आपल्या आईवडिलांनी आपल्याला जे ऐकवलं असतं तेच, थोडं इंग्रजीत. पगाराचे आकडे काढून दाखवले. तक्ता केला होता, अर्थातच. त्याने सगळं ऐकून घेतलं आणि शांतपणे म्हणाला, "आई, यू आर फोर्सिंग."

मला एवढा राग आला की मी उठून बाहेर गेले. राग आला कारण तो शब्द मला कळत होता. कळला नसता तर वाद तरी घालता आला असता.

तो आता कॉलेजच्या पहिल्या वर्षात वनशास्त्र शिकतोय. मला ते पूर्ण पटलंय असं खोटं सांगणार नाही. रात्री दोनला कधीतरी जाग येते आणि मी पगाराचे आकडे पुन्हा बघते. शिवाय ज्या आकड्यांवर मी त्याच्याशी भांडले ते माझ्याच क्षेत्रात या दोन वर्षांत कसे घसरले ते तुमच्यापैकी कित्येकांना घरूनच माहीत असेल. पण म्हणून तो बरोबर ठरला असंही मी म्हणत नाही, ड्राफ्टमध्ये चांगला डेक बांधूनसुद्धा माणसं हरतात. एवढंच आहे की तो फोन करतो. रविवारी करतो, चांगला तासभर. कुठल्या उतारावर डग्लस फर लावलं आणि कुठे हेमलॉक, हे मला सांगतो आणि मी मधे प्रश्न विचारत नाही. जे सांगतो ते ऐकते. काय सांगत नाही तेही ऐकायचा प्रयत्न करते, ते अजून नीट जमत नाही.

मी इकडे निघताना त्याने विचारलं, शाळेत काय बोलणार आहेस? मी सांगितलं. तो म्हणाला, "नुसतं बोलू नको, खेळून दाखव. नाहीतर कुणाला काही कळणार नाही." आणि पाकिटं त्यानेच निवडून बॅगेत भरली. २०२४चा 'फाउंडेशन्स' संच आहे, नवख्यांना सोपा जातो. चोवीस पाकिटं आणली आहेत. जमिनी वेगळ्या आणल्यात, पाचही रंगांच्या, आठ जणांना पुरतील इतक्या. कस्टमवाल्यांनी विचारलं हे काय, मी म्हटलं पत्ते. त्यांनी माझ्याकडे एकदा बघितलं आणि जाऊ दिलं.

जेवणानंतर तीन वाजता, जुन्या वाचनालयाच्या खोलीत. संयोजकांनी लांब टेबल आणि पंखा दोन्हीची सोय केली आहे. पैसे नाहीत, बक्षीस नाही, नियम दहा मिनिटांत सांगते. सकाळपासून सात नावं आली आहेत. त्यात खो-खोच्या दोन्ही कॅप्टन आहेत. आणि सर, तुमचंही नाव कुणीतरी लिहिलंय, ते तुम्हाला माहीत आहे का?

एक जागा अजून आहे.